बाकावरची चुंबळ

माझ्या आईने मला कोर्टात बोलताना एकदाच ऐकलं, तेही एकच वाक्य. आणि ते वाक्य नेमकं तेच होतं, जे तिच्या कानावर पडू नये म्हणून मी जन्मभर धडपडले.

मी फौजदारी वकील आहे. खुनाचे, मारामारीचे, फसवणुकीचे खटले चालवते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. बेलापुरात माझं ऑफिस आहे, दारावर पाटी आहे, हाताखाली ज्युनिअर आहेत आणि सत्कारांमध्ये मिळालेल्या शालींनी कपाटाचा एक अख्खा कप्पा अडवलाय. नवी मुंबईच्या हवेत त्या शालींचं करायचं काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. उलटतपासणी घ्यावी तर बाईंनीच, असं लोक म्हणतात. ते मला आवडतं, उगाच नाही कशाला म्हणू? पण ऑफिसच्या खिडकीतून जरा मान तिरकी केली की दिवाळ्याच्या बंदरातल्या होड्यांच्या काठ्या दिसतात. तिकडे नजर गेली की वाटतं, हे सगळं जिला दाखवायचं होतं ती आता नाही.

दिवाळे माझं गाव. वडील खाडीत डोल लावायचे, म्हणजे पाण्याच्या वाटेत खांब रोवून त्यांना जाळं बांधायचे. आई ती मासळी पाटीत घालून बाजारात न्यायची. पाटीखाली डोक्यावर चुंबळ. जुन्या लुगड्याची पट्टी पिळून, गोल वळून ती स्वतः बनवायची. बाजारात त्या चुंबळीला फार मान. कोळीण पाणी प्यायला उठो, घरी पाहुणे आले म्हणून जावो, ती आपली चुंबळ बसायच्या जागी ठेवून जायची. चुंबळ आहे तोवर जागा तिची. तिथे दुसरी कुणी बसत नसे, मग दोघींचं हाडवैर का असेना. वडील गेले तेव्हा आई कितीतरी दिवस बाजारात गेली नव्हती. परत गेली तर तिची जागा तशीच रिकामी आणि चुंबळ जागेवर. शेजारणी रोज सकाळी ती झटकून पुन्हा मांडत होत्या. घरी येऊन आई त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

वडील अकाली गेले ते एका भांडणामुळे, आणि त्या भांडणात ते नव्हतेच. मी शाळेत होते. खांब रोवायच्या जागेवरून दोन होड्यांमध्ये जुंपली, एकाचं डोकं फुटलं आणि धरून नेलेल्यांमध्ये वडिलांचंही नाव आलं. ते त्या वेळी अंगणात जाळं शिवत बसले होते, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. कोर्टाला माहीत नव्हतं. ते कोर्टाला सांगायला म्हणून गावाने जो वकील दिला होता, तो दर खेपेला उभा राहायचा, ‘तारीख मिळावी’ म्हणायचा आणि फाइल बगलेत मारून निघून जायचा. मी आणि आई मागच्या बाकावर. वडिलांना आणायचे, ते आमच्याकडे बघायचे, आम्ही त्यांच्याकडे बघायचो, आणि पुन्हा घेऊन जायचे. वकिलाने जाताना एकदाही आमच्याकडे मान वळवून पाहिलं नाही. त्या माणसाचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

वडील शेवटी निर्दोष सुटले, पण जे घरी आले ते आमचे वडील नव्हते. खाडीवर गेले नाहीत. अंगणात बसून जाळ्याची गाठ मारायचे, तीच सोडायचे. त्यातच एक दिवस गेले. त्यांना अग्नी दिल्यावर आईने गावदेवीपुढे नारळ फोडला आणि सांगितलं, “त्या कोर्टाच्या पायरीवर मी परत पाय ठेवनार नाय.”

अशा बाईला मी जाऊन सांगितलं की मी वकील होणार.

तिने हातातला बोंबील खाली ठेवला. “तू? तारीख मांगनारी व्हनार तू?”

“मी कधी तारीख मागणार नाही, आय,” मी म्हणाले. त्या वयात माणूस काहीही बोलतं.

वकिली करून तारीख न मागणं म्हणजे मासळी विकून हाताला वास न लागू देणं. पहिल्याच वर्षी मी तारखा मागितल्या, पुढे शेकड्यांनी मागितल्या. कधी साक्षीदार आजारी, कधी कागद आलेले नाहीत, कधी सिनिअर दुसऱ्या कोर्टात अडकलेले. आईला मात्र मी यातलं काही कळू दिलं नाही. ती गावात सांगायची, “माजी पोर तारीख मांगत नाय.” मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

सुरुवात सोपी नव्हती. मी पहिल्यांदा न्यायाधीशांसमोर तोंड उघडलं तेव्हा ‘नाही’ऐवजी ‘नाय’ निसटलं आणि मागे बसलेले दोघे फिसकन हसले. दोघेही आता त्यांच्या अवघड केसेस माझ्याकडे पाठवतात, आणि मी त्यांना चहा पाजते, पण बिनसाखरेचा. माझ्या सिनिअरांनी वर्षभर मला फक्त फाइली उचलायला लावल्या. नंतर एकदा ते अडकले, म्हणून त्यांनी मला एका साक्षीदाराच्या अंगावर सोडलं. मी पहिला प्रश्न विचारला आणि गप्प बसले. आई बाजारात असंच करायची. एकदा भाव सांगितला की ती तोंड मिटायची, सुरमईवर पाणी मारत राहायची, आणि समोरचं गिऱ्हाईक त्या शांततेला घाबरून स्वतःच बडबडायला लागायचं. माझा साक्षीदारही तसाच बडबडत सुटला आणि नको ते बोलून बसला. सिनिअर दारात येऊन उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “हे कुठे शिकलात?” मी म्हणाले, “मासळी बाजारात.” त्यांना ती थट्टा वाटली.

पुढे नाव झालं. पण कितीही मोठा निकाल लागला तरी संध्याकाळी मी गाडी दिवाळ्याकडेच वळवायची. आई ओट्याशी पाठमोरी. मी उंबऱ्यात उभी राहिले की ती मागे न बघता विचारायची, “मानूस घरी गेला का?”

जिंकलीस का, असं तिने कधी विचारलं नाही. तिला एवढंच हवं असायचं.

“घरी गेला, आय.”

“मंग जेव.”

माणूस घरी गेला नसेल, म्हणजे शिक्षा लागली असेल, तर ती काही बोलायची नाही. ताट वाढायची आणि समोर बसून राहायची. मला तिचं ते बसणं फार लागायचं. आणि सुटला असेल तर मला सगळं साग्रसंगीत सांगायचं असायचं, मी काय विचारलं, तो कसा अडकला, न्यायाधीश कसे हसले. आई म्हणायची, “बोल तू, मी आयकते,” आणि कोलंबी सोलायला घ्यायची. मी स्वयंपाकघरात हातवारे करून आख्खा युक्तिवाद पुन्हा करायची. पण स्वयंपाकघर ते स्वयंपाकघर. मला ती कोर्टात हवी होती. जिथे आम्ही दोघी मुकाट्याने बसलो होतो तसल्याच बाकावर तिने बसावं आणि तिच्या पोरीने उभं राहून बोलावं, तोंड भरून, सगळ्यांसमोर, एवढीच माझी हौस होती. लोकांच्या आया गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसतात. माझी आई पन्नाशी उलटेपर्यंत मला तशी मिळाली नाही, माझी पन्नाशी.

मी तिला किती वर्षं विनवलं. ती देवीचं नाव सांगायची.

मग सेशन्स कोर्टाचे खटले बेलापुरातच चालायला लागले. आई तोवर थकली होती, पण सकाळचा थोडा वेळ बाजारात बसायचीच. एक दिवस कुणाबरोबर तरी ती त्या इमारतीसमोरून चालत गेली आणि घरी येऊन मला फोन केला.

“तुजा नवा कोर्ट हाय तितं आमचा खारा व्हता. मी ल्हान असताना तितं चिखलात निवट्या पकडल्यान. मी शपत घातली ती त्या जुन्या पायरीची. ही जागा आमची हाय. आमच्या जागंत पाय ठेवाया देवीला इचाराया नको.”

तिथे खरंच त्यांचा खारा, म्हणजे खाडीकाठची खारट जमीन, होता की नाही, मला माहीत नाही. खाडीकाठचं अर्धं बेलापूर आईच्या मते आमचंच होतं. पण बिनतोड युक्तिवाद होता. मी विरोध करण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या वेळी माझ्याकडे महाप्याची एक केस होती. तिथल्या एका कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन मारहाणीत मेला होता. आदल्या दिवशी त्याच्याशी ज्याची बाचाबाची झाली तो तरुण टेम्पो ड्रायव्हर आरोपी म्हणून आत होता. त्याची आई मराठवाड्यातून पोटासाठी आलेली, लोकांकडे धुणीभांडी करणारी. प्रत्येक तारखेला ती कापडी पिशवी मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसायची. तिच्याकडे बघायला मला धीर होत नसे. कारण सांगायला नकोच.

सरकार पक्षाचे सगळे साक्षीदार संपले होते. अंतिम युक्तिवादाचा दिवस ठरला. तोच दिवस मी आईला दिला.

आई हिरवं लुगडं नेसून आली, अंबाड्यात अबोली, हातात तिची नेहमीची बाजाराची पिशवी. कोर्ट म्हणजे काय जत्रा, असं मी म्हणाले तर म्हणाली, “पोरीचं काम बगाया चाललंय, उगाच कशी जाऊ?” मी तिला मागच्या बाकावर त्या धुणंभांडं करणाऱ्या बाईशेजारी बसवलं आणि पुढे गेले. भाषण मी इतकं घोटलं होतं की झोपेतही म्हटलं असतं.

तेवढ्यात ज्युनिअर धावत आली. बाहेर एक दुसरा टेम्पो ड्रायव्हर उभा होता. वॉचमनला मारहाण झाली त्या वेळी माझा आरोपी त्याच्याबरोबर होता, बंद पडलेला टेम्पो ढकलत, भलत्याच ठिकाणी. नोकरी जाईल म्हणून तो इतके दिवस तोंड मिटून होता. आता साक्ष द्यायला तयार होता. पण त्या दिवशी लगेच त्याला उभं करता येणार नव्हतं. अर्ज करायचा, सरकारी वकिलांना कळवायचं, पुढच्या तारखेला आणायचा.

मी युक्तिवाद करून टाकू शकत होते. केस चांगली होती आणि माझा अंदाज होता की मुलगा तसाही सुटेल. पण अंदाज तो अंदाज. हाताशी आलेला साक्षीदार सोडून केवळ अंदाजावर कुणाच्या पोराला टांगणीला लावायचं?

आणि मागे आई बसलेली. अबोली माळून.

“बोला,” न्यायाधीश म्हणाले.

हजारो वेळा उच्चारलेलं वाक्य, पण पहिल्यांदा ‘नाय’ म्हणाले होते तेव्हासारखा चेहरा तापला.

“बचाव पक्षाला एक साक्षीदार तपासायचा आहे,” मी म्हणाले. “तारीख मिळावी.”

मिळाली. त्या मुलाला पोलीस परत घेऊन गेले. तो जाताना आपल्या आईकडे बघत होता, आणि मला मागे वळायची हिंमत होईना. तरी वळले. फाइल टेबलावरच टाकून बाकापाशी गेले, त्या बाईशेजारी टेकले आणि तिला सगळं समजावून सांगितलं. तारीख का घेतली, तो दुसरा ड्रायव्हर कोण, तो काय सांगणार. ती पदर तोंडाशी धरून मान हलवत होती. पलीकडे आई.

मला लगेच दुसऱ्या कोर्टात पळायचं होतं. परत आले तेव्हा दोघी बाहेर पॅसेजमध्ये आपापली शिदोरी सोडून एकत्र जेवत होत्या. आईच्या डब्यातली सुकट त्या बाईच्या भाकरीवर होती.

रिक्षात आई बराच वेळ बाहेर बघत राहिली. मी मनात वाक्यं जुळवत होते, कायदा समजावणारी. शेवटी तीच बोलली.

“तुज्या बाचा वकील तारीख मांगून निंगून जायाचा. आमच्याकडं बगायाचा बी नाय.”

“हं.”

“तू येऊन बसलीस तिच्या बाजूला.” मग थोड्या वेळाने, “तारीख वायट नसतं, बाय. मांगून पलून जातान ना, ते वायट.”

मला रिक्षातच रडू आलं. इतक्या वर्षांचं ओझं होतं, ते असं दिवाळ्याच्या वळणावर उतरलं. मी म्हणाले, “आय, तू माझं बोलणं कुठे ऐकलंस? आज काहीच झालं नाही.”

“म्होरल्या तारखंला येनार मी. जागा धरून आलंय.”

कोर्टात कसली जागा धरतेस, मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो. त्या वेळी मला ती गंमतच वाटली होती.

पुढच्या तारखेच्या आधी आई गेली. आजार नाही, दवाखाना नाही. दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. मी ठाण्याच्या कोर्टात एका साक्षीदाराला प्रश्न विचारत होते, तेव्हा मोबाइल बंद होता.

सगळं झाल्यावर मी आईजवळ राहणाऱ्या वहिनीला म्हटलं, मला आईची चुंबळ हवी. बाकी काही नको. पाटी सापडली, मासे कापायचा कोयता सापडला, पाणी मारायचं मडकं सापडलं. चुंबळ नाही. बाजारात विचारलं, तिथेही नव्हती. आम्ही घर पालथं घातलं. वहिनी म्हणाली, “ताई, नवी वळून दिऊ काय?” मी तिच्यावर उगाच ओरडले.

तारखेच्या दिवशी कोर्टात जायला पाय उचलत नव्हते. गेले, कारण त्याशिवाय इलाज नव्हता. आत शिरले आणि सवयीने मागच्या बाकाकडे पाहिलं. ती बाई नेहमीच्या जागी बसली होती, पिशवी मांडीवर. तिच्या शेजारी बाकावर आईची चुंबळ होती.

कडेने हिरवी, मध्ये मळलेली, वापरून दबलेली. दुसऱ्या कुणाची असणं शक्य नव्हतं.

“तुमच्या माईनं दिली व्हती,” ती बाई म्हणाली. “म्हन्ल्या, ही ठिव, माजी जागा धर. कोर्ट उघडताच येऊन बसले म्या. गर्दी झाली तरी कुनाला बसू दिलं न्हाई, म्याडम. एक पोलीस बसाया लागला तर त्याला बी उठिवलं.” तिने दाराकडे पाहिलं. “कवा येतेत त्या?”

मला सांगावं लागलं. तिने चुंबळ दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्यापुढे धरली.

“राहू द्या,” मी म्हणाले. “जागेवरच राहू द्या.”

तिने ती झटकली आणि पुन्हा मांडली.

त्या दिवशी टेम्पोवाला साक्षीदार उभा राहिला. घाबरत बोलला, पण खरं बोलला. त्यानंतर न्यायाधीशांनी मला म्हटलं, बोला. मी बोलले. घोटलेलं भाषण बाजूलाच राहिलं. मी काय बोलले ते आता नीट आठवत नाही, पण अधूनमधून मागे वळून बघत होते एवढं आठवतं. वकिलाने न्यायाधीशांकडे पाठ करू नये, हे मी माझ्या ज्युनिअरांना रोज शिकवते. न्यायाधीश काही म्हणाले नाहीत. त्यांना वाटलं असेल, बाई आरोपीच्या आईकडे बघतायत. ते काही खोटं नव्हतं. पण ती आणि भिंत यांच्या मध्ये एक जागा होती, आणि माझ्या सगळ्या आयुष्याचं भाषण मी त्या जागेला ऐकवत होते.

निकालाच्या दिवशीही चुंबळ तिथेच होती. मुलगा निर्दोष सुटला. त्या बाईने माझे पाय धरायला वाकायच्या आधी मी तिला उचललं, आणि मग आम्ही दोघी तिथेच, कोर्टाच्या पॅसेजमध्ये, लोकांसमोर गळ्यात पडून रडलो. ती लेक सुटला म्हणून रडत होती. तिने चुंबळ माझ्या पिशवीत घातली, जपून, वरच्या बाजूला.

तुरुंगातून सोडायचे कागद होऊन मुलगा दुसऱ्या दिवशी बाहेर आला. त्याला आईबरोबर रिक्षात बसलेलं मी स्वतः पाहिलं आणि मग गाडी दिवाळ्याकडे वळवली. ठरवून वळवली नाही, आपोआप वळली. दार उघडंच होतं. वहिनी मागच्या दारी कुठेतरी होती. ओट्याशी कुणी नव्हतं. कोपऱ्यात आईची पाटी पालथी घातलेली होती, तिच्यावर मी चुंबळ ठेवली आणि परत येऊन उंबऱ्यात उभी राहिले.

बराच वेळ उभी राहिले. कुणी काही विचारलं नाही.

मग मीच सांगितलं, “घरी गेला, आय.”